एसीचा कॉम्प्रेसर, टायरची हवा

मोटारीच्या एसीतला कॉम्प्रेसर हा मुळात एक पंप आहे. इंजिनाच्या पुढच्या अंगाला बेल्टवर फिरणारा, पुलीच्या पोटात विद्युतचुंबकी क्लच बाळगणारा अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा. एका तोंडाने कमी दाबाचा वायू आत ओढायचा आणि दुसऱ्या तोंडाने तो दाबून बाहेर ढकलायचा, एवढेच त्याचे काम. आत येतो तो एसीचा गॅस आहे की बाहेरची साधी हवा, हे पिस्टनला कळत नाही. गाडीतून उतरवलेला कॉम्प्रेसर टेबलावर ठेवावा, क्लचची पुढची चकती हाताने फिरवावी आणि ओढणाऱ्या तोंडावर अंगठा धरावा. अंगठ्याची कातडी हलकेच आत खेचली जाते. दुसऱ्या तोंडावर अंगठा धरला, तर तो बाहेर ढकलला जातो. एसीच्या कॉम्प्रेसरवर गाडीतली हवा-व्यवस्था उभी करण्याची कल्पना निघाली ती इथूनच.

गाडीत हवा लागते कशाला, हा प्रश्न शहरातल्या माणसाला पडणे साहजिक आहे. पेट्रोल पंपावर गाडी उभी करून ‘बत्तीस मारा’ म्हटले की त्याचे काम होते. हे बत्तीस म्हणजे 32 पीएसआय, म्हणजे दर चौरस इंचावर 32 पौंडांचा दाब. डांबरी रस्त्यावर तो योग्य असतो. वाळूत किंवा सैल मातीत मात्र तोच दाब चाकाला खड्ड्यात घालतो. एका चाकावर साधारण 450 किलोंचा भार आहे असे धरले, तर 32 पीएसआयला टायर जमिनीवर सुमारे 200 चौरस सेंटिमीटर जागेत टेकतो. हवा सोडून दाब 15 वर आणला की हीच जागा दुपटीहून थोडी जास्त होते. टायरचा ठसा आडवा फारसा पसरत नाही, तो लांब होतो, आणि चाक वाळू उकरत न बसता तिच्यावरून चालू लागते. खडकाळ वाटेवर मऊ झालेला टायर दगडाच्या कडेला कवटाळतो, त्यामुळे पकड वाढते आणि आतल्या माणसांच्या पाठीलाही आराम मिळतो. म्हणून कच्च्या वाटेला लागण्याआधी हवा सोडणे हा फोर-व्हील-ड्राइव्ह चालवणाऱ्यांचा पहिला नेम आहे.

हवा सोडायला दोन मिनिटे पुरतात. खरी अडचण परत येताना होते. कमी हवेच्या टायरवर डांबरी रस्त्याने वेगात गेले, तर टायरची बाजूची भिंत दर फेऱ्याला दुमडते, तापते आणि शेवटी फाटते. म्हणजे पक्का रस्ता लागताच चारही चाकांत पुन्हा हवा भरली पाहिजे. ती जागा बहुधा अशी असते की आसपास पंपही नसतो आणि पंक्चरवालाही नसतो. अमेरिकेत युटा राज्यातल्या मोआबच्या खडकांवर आणि ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात गाड्या नेणाऱ्यांना हा प्रश्न दर सहलीला पडत असे. एसीच्या कॉम्प्रेसरवर हवा भरण्याची युक्ती वाढली आणि मुरली ती याच मंडळींच्या गॅरेजांत, त्यातही अमेरिकेतल्या जीपवाल्यांकडे.

त्यांच्याकडेच ती का वाढली, याला कारण आहे. मोटारीत कारखान्यातून बसवलेला एसी पहिल्यांदा आणला अमेरिकेतल्या पॅकार्ड कंपनीने, 1939 साली. त्या यंत्रणेत क्लच नव्हता. हिवाळ्यात कॉम्प्रेसर बंद ठेवायचा तर इंजिन थांबवून बेल्टच काढून ठेवावा लागे. 1954 मध्ये नॅश कंपनीने सगळी यंत्रणा गाडीच्या पुढच्या भागात सुटसुटीत बसवली आणि त्यानंतर अमेरिकेत एसी सर्रास दिसू लागला. त्या काळातला एक गाजलेला कॉम्प्रेसर म्हणजे ‘यॉर्क’. पेन्सिल्व्हेनियातल्या यॉर्क गावावरून नाव घेतलेल्या कंपनीचा हा चौकोनी, दोन सिलिंडरचा कॉम्प्रेसर फोर्डच्या अनेक गाड्यांवर होता आणि अमेरिकन मोटर्सच्या गाड्यांवरही होता. 1970 मध्ये जीपचा कारखाना अमेरिकन मोटर्सकडे आल्यावर तो जीपच्या इंजिनांनाही लागू लागला. पुढे भंगारवाड्यांत यॉर्कची रास पडली. जीपच्या इंजिनावर त्याचे ब्रॅकेट बसत होते आणि जीपवाल्याला हवा हवीच होती. त्यातून हा जोड जमला.

यॉर्क या कामाला इतका सोयीचा का, हे त्याचे पोट उघडले की समजते. आतली रचना मोटारसायकलच्या इंजिनासारखी आहे. खाली तेलाचे कुंड, त्यात फिरणारा क्रँक, त्यावर दोन कनेक्टिंग रॉड आणि दोन पिस्टन. क्रँक फिरताना तेल उडवतो आणि सगळ्या भागांना वंगण मिळते. कुंडात 300 मिलिलिटरच्या आसपास तेल राहते. तेल वर-खाली झाले तर बाजूचे बूच काढून पातळी बघता येते. म्हणजे या पंपाला आपले वंगण आपल्यापाशीच आहे, ते कोणाकडून मागावे लागत नाही. यॉर्कच्या तीन मापांपैकी सर्वांत मोठे 210. त्याचे एका फेऱ्याचे आकारमान 10.3 घन इंच, म्हणजे जवळपास 169 घन सेंटिमीटर. जुने जीपवाले भंगारात हाच नंबर शोधत हिंडत.

आज रस्त्यावरच्या बहुतेक गाड्यांत मात्र यॉर्क सापडत नाही. त्याची जागा आटोपशीर, गोल नळकांड्यासारख्या कॉम्प्रेसरने घेतली. या घराण्यातला सर्वांना माहीत असलेला म्हणजे जपानच्या गुन्मा प्रांतातल्या इसेसाकीचा ‘सँडन’. त्याच्या नावातच माप दडलेले असते. एसडी-508 म्हणजे पाच पिस्टन आणि आठ घन इंचांच्या आसपास आकारमान, नेमके सांगायचे तर 138 घन सेंटिमीटर. पाचही पिस्टन दांड्याभोवती, पिस्तुलाच्या चक्रातल्या गोळ्यांसारखे, गोलाकार मांडलेले असतात. दांड्यावर तिरकी चकती असते. दांडा फिरला की ती चकती डुगडुगते, आणि तिच्या डुगडुगण्याने एकेक पिस्टन आळीपाळीने पुढे-मागे होतो. रचना सुबक आहे, धक्के कमी बसतात आणि जागा थोडी लागते. फक्त तिच्यात यॉर्कसारखे तेलाचे स्वतंत्र कुंड नाही, आणि रूपांतराची सगळी कसोटी इथेच लागते.

एसीत तेल गॅसबरोबर हिंडते. कॉम्प्रेसरमधून निघालेल्या गॅसबरोबर तेलाचा सूक्ष्म अंश बाहेर पडतो, कंडेन्सरमध्ये द्रव झालेल्या गॅसमध्ये तो विरघळतो, डॅशबोर्डमागच्या इव्हॅपोरेटरमधून जातो आणि ओढणाऱ्या तोंडाने पुन्हा कॉम्प्रेसरमध्ये येतो. ही बंद फेरी आहे. जितके गेले तितके परत येते, म्हणून गॅस गळाला नाही तर तेल वर्षानुवर्षे पुरते. हवेची व्यवस्था ही फेरी तोडते. बाहेरची कोरडी हवा आत येते आणि तेलाचा तुषार घेऊन टायरमध्ये जाते. टायरमधून ते तेल परत येत नाही. चार टायर भरले, आठ भरले, तरी काही कळत नाही. मग एके दिवशी कॉम्प्रेसर किरकिरू लागतो, पिस्टन सिलिंडरला घासतात, दांड्याचे सील सुकते आणि पंप जाम होतो. सँडन लावून हवा काढणाऱ्या नवशिक्याचा पहिला कॉम्प्रेसर बहुतेक वेळा असाच जातो.

यावर उपाय दोन तऱ्हेचे आहेत. पहिला म्हणजे तेल देत राहणे. हवा आत येण्याच्या वाटेवर, एअर फिल्टरच्या पुढे, थेंब-थेंब तेल सोडणारी छोटी बाटली बसवायची. कारखान्यांत हवेवर चालणाऱ्या हत्यारांच्या नळीला जी बसवतात, तीच. कॉम्प्रेसरच्या पुढे तेल गाळून धरणारा सेपरेटर लावायचा. नीट काम करणारी माणसे सेपरेटरच्या तळाशी साचलेले तेल बारीक नळीने पुन्हा ओढणाऱ्या बाजूला आणून सोडतात, म्हणजे तुटलेली फेरी हाताने पुन्हा जोडतात. दुसरा उपाय काही जीपवाल्यांनी रूढ केला: तेल काढून आत, तिरक्या चकतीच्या बाजूला, ग्रीस भरायचे आणि अधूनमधून ते पुन्हा भरण्यासाठी निपल बसवायचे. वर्षातून चार-सहा वेळा टायर भरणाऱ्याचे यावर भागते. तासन्तास हवेचे हत्यार चालवायचे असेल तर ग्रीस तापून पातळ होते आणि बाहेर पडते. पहिली पद्धत खटाटोपाची असली, तरी भरवशाची तीच.

तेलाची जातही महत्त्वाची. आजच्या आर-134ए गॅसच्या एसीत पीएजी नावाचे तेल असते. बंद यंत्रणेत ते उत्तम काम करते; पण ते ओलावा फार शोषते. पावसाळी हवा सतत आत येणाऱ्या पंपात ते पाणी धरून ठेवते आणि आतले पोलाद गंजू लागते. म्हणून रूपांतर करताना पीएजी संपूर्ण काढून टाकून कॉम्प्रेसरसाठीचे किंवा हवेच्या हत्यारांचे खनिज तेल घालावे लागते.

तेलाइतकाच दुसरा शत्रू म्हणजे उष्णता, आणि ती बहुतेकांच्या हिशेबातून सुटते. सायकलला हातपंपाने हवा भरताना पंपाचे खालचे टोक हाताला चटका देते, हे प्रत्येकाने अनुभवलेले असते. दाबलेली हवा तापतेच. 27 अंश सेल्सिअसची हवा एका झटक्यात 100 पीएसआयपर्यंत दाबली आणि उष्णतेला बाहेर जायला वाट मिळाली नाही, तर कागदावरच्या गणिताने तिचे तापमान 270 अंशांच्या घरात जाते. प्रत्यक्षात बरीच उष्णता कॉम्प्रेसरच्या अंगात आणि नळीत जाते, म्हणून हवा तितकी तापत नाही. पण साधी रबरी नळी मऊ व्हायला जे उरते ते पुरेसे असते. एसीचा गॅस दाबताना हवेइतका तापत नाही. शिवाय तो आत येतो थंडगार, इव्हॅपोरेटरमधून नुकताच निघालेला, त्यामुळे कॉम्प्रेसरलाही थंड ठेवतो. हवेच्या कामात हा थंडावा मिळत नाही, उलट इंजिनखान्यातली गरम हवाच आत येते. म्हणून एअर फिल्टर शक्य तितक्या गार आणि उंच जागी बसवावा. कॉम्प्रेसरनंतरची पहिली एक-दीड मीटर नळी टेफ्लॉनची, वर स्टीलची जाळी असलेली घ्यावी, आणि त्या वाटेवरचा एकदिशा व्हॉल्व्ह पूर्ण धातूचा असावा. या टप्प्यात प्लास्टिकचे जोड वापरणे म्हणजे ते फुटण्याची वाट पाहणे. तेलाचा तुषार तापलेल्या जागी जळून काजळी धरतो, ती व्हॉल्व्हवर बसते आणि व्हॉल्व्ह गळू लागतो. म्हणून दर काही महिन्यांनी तो उघडून पुसावा लागतो.

प्रत्येक कॉम्प्रेसर या कामाचा नाही, हे आधीच जाणून घेतलेले बरे. गेल्या काही वर्षांतल्या अनेक गाड्यांत बदलत्या आकारमानाचा कॉम्प्रेसर असतो. त्यातली तिरकी चकती स्वतःचा कोन बदलते. गाडी पुरेशी गार झाली, म्हणजे ओढणाऱ्या बाजूचा दाब घसरला, की चकती उभी होते आणि पिस्टनची चाल कमी होते. एसी चालू असताना या बाजूला वातावरणाच्या वर जवळपास 2 बार दाब असतो. साध्या हवेला जोडल्यावर तिथे जादा दाब काहीच उरत नाही. कॉम्प्रेसरला वाटते, गारवा भरपूर झाला, आणि तो चाल आवरून बसतो. हवा येते ती नावापुरती. विजेवर चालणाऱ्या आणि हायब्रीड गाड्यांतला कॉम्प्रेसर शेकडो व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. त्याला हौशी माणसाने हातही लावू नये. रूपांतराला योग्य ते ठरीव आकारमानाचे, बेल्टवरचे, क्लचचे कॉम्प्रेसर.

चालू एसी मोडून हवा काढायची की एसी राखून दुसरा कॉम्प्रेसर जोडायचा, हा निर्णय गाडीमालकाचा. अमेरिकेतल्या जुन्या उघड्या जीपांत एसी असून नसल्यासारखाच होता, म्हणून तिथे पहिली वाट सोपी पडली. नागपूर-चंद्रपूरच्या उन्हाळ्यात हाच सल्ला कोणी देणार नाही. इंजिनावर ब्रॅकेटला जागा असेल आणि बेल्टची लांबी जमत असेल, तर दुसरा कॉम्प्रेसर लावणेच शहाणपणाचे. भंगारातला चांगला कॉम्प्रेसर नव्याच्या मानाने फारच स्वस्त पडतो.

चालू एसी उघडायची वेळ आलीच, तर आधी गॅस काढून घ्यावा लागतो, आणि हे काम एसीवाल्याच्या रिकव्हरी यंत्रावरच व्हावे. पाना लावून नट सैल करायचा आणि फुस्स करून गॅस हवेत सोडायचा, ही सवय सोडलीच पाहिजे. सुटणारा गॅस कातडीला आणि डोळ्यांना इजा करतो, हा झाला लगेचचा तोटा. आर-134ए चा एक किलो शंभर वर्षांच्या हिशेबात सुमारे 1,430 किलो कार्बन डायऑक्साइडइतका पृथ्वीला तापवतो. त्याच्या आधीचा आर-12 ओझोनच्या थराला मारक ठरला, आणि 1987 च्या मॉन्ट्रियल करारानंतर जगाने तो टप्प्याटप्प्याने बंद केला. आर-134ए कमी करण्यासाठीचा किगाली करारही भारताने 2021 मध्ये स्वीकारला आहे. टायर भरण्याच्या सोयीसाठी अर्धा किलो गॅस आकाशात सोडणे कोणत्याही हिशेबात बसत नाही.

हवेची पुढची वाट अशी: फिल्टरमधून तेलाच्या बाटलीकडे, तिथून कॉम्प्रेसर, मग जाळीची नळी, एकदिशा व्हॉल्व्ह, सेपरेटर आणि शेवटी टाकी. टाकीवर किंवा तिच्या जोडाशी चार गोष्टी लागतात: दाब दाखवणारे मीटर, दाबाचा स्विच, सेफ्टी व्हॉल्व्ह आणि तळाला पाणी काढायची चावी. दाबाचा स्विच हा या व्यवस्थेचा मेंदू. दाब समजा 90 पीएसआयच्या खाली आला की तो क्लचला वीज देतो, 120 ला पोहोचला की तोडतो. क्लचच्या गुंडाळीला 12 व्होल्टवर चारेक अँपिअर लागतात. हा प्रवाह थेट डॅशबोर्डच्या बटणातून न नेता रिलेतून न्यावा आणि वाटेत फ्यूज घालावा. स्विच कधीतरी चिकटतोच. त्या दिवसासाठी सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. तो 150 पीएसआयच्या आसपास उघडणारा असावा, आणि टाकी त्याहून बऱ्याच वरच्या दाबाला तपासलेली असावी. हवा भरताना इंजिनाचे फेरे दीड हजारांच्या पुढे धरले तर काम लवकर होते.

किती लवकर, ते आकड्यांत बघण्यासारखे आहे. इंजिन मिनिटाला 1,500 फेरे घेत असेल आणि पुलीच्या गुणोत्तरामुळे कॉम्प्रेसर 2,000 घेत असेल, तर एसडी-508 चे पिस्टन मिनिटाला 276 लिटर जागा झाडून काढतात. गळती, ताप आणि व्हॉल्व्हचा अडसर धरून दोन-तृतीयांश हवा हाती लागली तरी ती 180 लिटर होते. जीपच्या एका टायरच्या पोटात साधारण 60 लिटर जागा असते. त्याला 15 वरून 32 पीएसआयवर न्यायला 70 लिटर मोकळी हवा पुरते. म्हणजे टायरच्या तोंडाचा अडथळा धरूनही एका चाकाला मिनिट लागत नाही. सिगारेट लायटरच्या खाचेत खुपसायचा छोटा पंप याच कामाला चाकामागे तीन ते पाच मिनिटे घेतो, आणि चौथ्या चाकापर्यंत स्वतःच तापून बंद पडतो.

दमट प्रदेशात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. कोकणात पावसाळ्यात हवा 30 अंश तापमानाची आणि 80 टक्के दमट असली, तर तिच्या एका घनमीटरमध्ये 24 ग्रॅमच्या आसपास पाणी वाफेच्या रूपात असते. ही हवा आठपट दाबली आणि टाकीत पुन्हा 30 अंशांवर गार झाली, की त्यातले 20 ग्रॅम पाणी थेंब होऊन खाली उतरते. शंभर-दोनशे लिटर हवेत ते जाणवत नाही, पण एका मोसमात टाकीच्या तळाशी पेलाभर गढूळ, तेलकट पाणी साचते. काढले नाही तर लोखंडाची टाकी आतून गंजत जाते, बाहेरून मात्र रंग ताजाच दिसतो. सहल संपली की तळाची चावी उघडून पाणी सोडावे. पांढरट, दुधाळ पाणी आले तर त्यात तेल मिसळलेले आहे असे समजून सेपरेटर तपासावा.

टाकी हा या सगळ्यातला सर्वांत धोक्याचा भाग, आणि काटकसरही नेमकी तिथेच केली जाते. काही जण बंपरच्या पोकळ नळीलाच टाकी करतात, काही जण रिकाम्या गॅस सिलिंडरवर जोड वेल्ड करतात, आणि प्लंबिंगची पीव्हीसी नळीही वापरलेली दिसते. पाणी दाबले जात नाही, म्हणून पाण्याची नळी फुटली तर फार तर चिळकांडी उडते. हवा दाबली जाते आणि दाबण्याचे सगळे काम तिच्यात साठून राहते. 7.5 बार, म्हणजे सुमारे 110 पीएसआय दाबाच्या अवघ्या दहा लिटरच्या टाकीत इतकी ऊर्जा असते, की तिच्या बळावर शंभर किलोंचे पोते दहा मीटर उंच उचलता येईल. ती ऊर्जा क्षणात सुटली की पीव्हीसीच्या धारदार चिरफळ्या उडतात आणि वेल्डची कच्ची शिवण उघडते. गॅसच्या सिलिंडरला वेल्डिंगची ज्योत लावण्यात स्फोटाचा धोका वेगळाच. एअर ब्रेकसाठी किंवा कारखान्यातल्या हवेसाठी बनवलेली, पाण्याच्या दाबाने तपासलेली आणि अंगावर दाबाची खूण कोरलेली टाकीच घ्यावी. हौसेने केलेल्या कामात इतर ठिकाणी चूक झाली तर कॉम्प्रेसर जातो. इथे चूक झाली तर माणूस जखमी होतो.

या हवेवर टायरशिवाय इतर कामेही होतात. डिफरेन्शियलला घट्ट बांधून दोन्ही चाकांना सारखे फिरवणारा एअर लॉकर 85 ते 105 पीएसआयवर चालतो आणि त्याला हवा अगदी थोडी लागते. चाकाचे नट सोडवणारी इम्पॅक्ट गनही चालते, पण ती हवा खाते, त्यामुळे मध्येमध्ये थांबून टाकी भरू द्यावी लागते. धूळ झाडणे, रेडिएटरमधला चिखल उडवणे ही तर रोजची कामे. एक गोष्ट मात्र या हवेने कधीही करू नये: ती श्वासासाठी वापरू नये. विहिरीत उतरणाऱ्याला किंवा पाण्याखाली काम करणाऱ्याला अशा टाकीतून हवा देणे जिवावर बेतणारे आहे. तिच्यात तेलाचा तुषार असतो, जळलेल्या तेलाचा धूर असतो आणि इंजिनखान्यातून ओढलेला कार्बन मोनॉक्साइडही असू शकतो.

मोठ्या वाहनांना हा खटाटोप करावा लागत नाही. ट्रक आणि एसटीच्या बस एअर ब्रेकवर चालतात, आणि त्यासाठी त्यांच्या इंजिनावर हवेचाच वेगळा कॉम्प्रेसर असतो. त्याला वंगण इंजिनाच्या तेलातूनच मिळते. रस्त्याच्या कडेला ट्रकवाला नळी जोडून स्वतःच्या टायरला हवा देताना दिसतो, ती या टाकीतली. इंजिनावर चालणारा, टाकीवाला, दाब सांभाळणारा कॉम्प्रेसर अवजड वाहनांत गेल्या कित्येक पिढ्या आहे. एसीचा कॉम्प्रेसर लावणारा जीपवाला तीच व्यवस्था लहान गाडीत आणतो, फक्त दुसऱ्या कामासाठी बनलेल्या पंपावर.

महाराष्ट्राचे जीपशी नाते जुने आहे. 1940 च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रने मुंबईत विलीज जीप जुळवायला सुरुवात केली, आणि तिच्या वंशातल्या गाड्या आजही सह्याद्रीच्या घाटवाटांवर चिखल तुडवताना दिसतात. त्यांच्या मालकांनी एक गोष्ट आधी तपासावी. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणीतले तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलांशी विसंगत होतील असा बदल गाडीत करता येत नाही. इंजिनावर जादा कॉम्प्रेसर आणि गाडीखाली टाकी लावण्याआधी आरटीओत विचारून घ्यावे. गाडी वॉरंटीत असेल तर ती जाण्याची शक्यताही हिशेबात धरावी.

दोन सिलिंडरचे मोठे इलेक्ट्रिक पंप आता मिनिटाला दीडशे लिटरांच्या पुढे गेले आहेत. ते बॅटरीतून पन्नास-साठ अँपिअर ओढतात आणि थोड्या वेळाने त्यांना विश्रांती लागते, पण बसवायला एक दुपार पुरते. वर्षातून दोनदा नदीच्या वाळूत उतरणाऱ्याने तोच घ्यावा. एसीच्या कॉम्प्रेसरचे रूपांतर त्याच्यासाठी, जो महिन्यातून दोनदा वाटेबाहेर जातो, ज्याच्या गटात चार-पाच गाड्या असतात, ज्याला पाना हातात धरायची सवय आहे आणि सहलीहून घरी आल्यावर अंघोळीच्या आधी टाकीची चावी उघडून पाणी सोडायचा ज्याला कंटाळा नाही.